चौथ्या नंबरची वायर

सेट टॉप बॉक्स ठीक होता. टीव्ही ठीक होता. बॅटरी पूर्ण भरलेली होती. म्हणजे दोष छपरावर होता, आणि छपरावर पॉल होता.

कृपाने खिडकीतून मान बाहेर काढून त्याला पुन्हा एकदा सांगितलं की डिशच्या छत्रीला हात लावू नका. वरून छत्री करकरल्याचा आवाज आला.

शनिवारचा साडेबाराचा सुमार होता. भंडारदरा धरणाच्या काठाला, कारभारी नावाच्या गावकऱ्याच्या भाड्याच्या तंबूंच्या जागेत, त्यांची बस उभी होती. मूळची ती एका शाळेची मिनीबस. पॉल एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याने ती लिलावात घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं. झोपायला दोन फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि ज्याचा त्याला सगळ्यांत जास्त अभिमान होता तो टीव्ही. आडरानात मुक्काम पडला तर छपरावरची छत्री. एखाद्या लॉजच्या आवारात उभं राहिलो तर त्यांची केबल आत घ्यायला बाजूला वेगळं भोक. आत टीव्हीची एक जोडणी, आणि बाहेर दाराशेजारी आणखी एक, म्हणजे पाहुणे आले तर अंगणात बसून बघतील. कुठले पाहुणे आणि कुठलं अंगण, हे कृपाने तेव्हाच विचारलं होतं. बसच्या कपाळावर त्याने 'देवाची कृपा' असं रंगवून घेतलं होतं. ते देवासाठी की बायकोसाठी, हे तो विचारणाऱ्याचं तोंड बघून ठरवत असे.

साडेतीनला नॅन्सीचा सामना होता.

नॅन्सी त्यांची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षं ती खो-खो खेळत होती, त्यातली पाच महाराष्ट्राकडून, आणि या अकरा वर्षांत कृपाने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. कृपा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होती. सामने शनिवारी असत आणि शनिवारी प्रॅक्टिकल असे. सामने फेब्रुवारीत असत आणि फेब्रुवारीत बोर्डाचे बाहेरचे परीक्षक येत. प्रत्येक कारण खरं होतं. पुढे पुढे नॅन्सीने सामन्यांच्या तारखा पप्पांनाच सांगायला सुरुवात केली. आता कृपा निवृत्त झाली होती आणि नॅन्सीचा गुडघा इतका दुखावला होता की ही स्पर्धा तिची शेवटची होती. अंतिम सामना सोमवारी होता. सोमवारी ती दोघं देवळाली प्रवरेला, घरच्या टीव्हीसमोर असणार होती. पण काल राजूरच्या बाजारात भाजी घेताना नॅन्सीचा फोन आला की सामना दोन दिवस अलीकडे आणलाय.

"आई, या वेळी तुला यायचंसुद्धा नाहीये," ती म्हणाली होती. "फक्त बघायचंय."

पॉलने शेजारून ओरडून सांगितलं होतं की बसमधला टीव्ही टिपटॉप आहे.

आणि आज सकाळी दहाला वीज गेली. कारभारी सांगत आला की दुरुस्तीसाठी सबंध फीडर बंद आहे, सहाच्या आत काही येत नाही, राजूरपर्यंत सगळीकडे हीच गत. वीज नाही म्हणजे गावातल्या केबलवाल्याचं यंत्र बंद, म्हणजे बसच्या बाजूला जोडलेली केबलची वायर नुसती दोरी. मोबाईलला रेंज मागच्या टेकडीवर मिळे, तीही बोलण्यापुरती. राहिली छत्री. ती बसच्या बॅटरीवर चालणार होती, तिला गावाच्या विजेशी काही देणंघेणं नव्हतं.

टीव्हीवर निळ्या पडद्यात अक्षरं होती: सिग्नल नाही.

कृपा पद्धतशीर होती. टीव्हीखालच्या कपाटात, अगदी जमिनीलगत, चार काळ्या वायरींची टोकं येत होती. चारही सारख्याच जाडीच्या, कारण पॉलने एकच भेंडोळं आणलं होतं. त्या प्लायवूडच्या मागून कुठून कुठे जातात हे देवालाही दिसलं नसतं, म्हणून कृपाने काम चालू असतानाच चारही टोकांना लेबलं लावली होती. प्रयोगशाळेत बाटल्यांना लावतात तसली, निळ्या किनारीची, मागे डिंक असलेली. त्यावर ड्रॉइंगच्या काळ्या शाईने आकडे, आणि वहीत तक्ता. एक, छपरावरची छत्री. दोन, बाजूची केबल. तीन, आतला टीव्ही. चार, बाहेरची जागा. तिच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं एकच नियम होता: लेबल नसलेली बाटली वास न घेता, न विचारता, ओतून टाकायची. पॉल हा नियम पाहुण्यांना सांगून हसत असे.

तिने एक नंबरची वायर बॉक्सला जोडली होती. बॉक्स त्या वायरीतून अठरा व्होल्ट वर पाठवतो, छत्रीपुढचा छोटा डबा त्यावर चालतो. बॉक्सच्या तोंडाशी तिने मीटर लावला, अठरा आले. मग मीटर पॉलकडे वर दिला, छत्रीपाशी वायर सोडवून मोजायला सांगितलं.

"शून्य," पॉल वरून म्हणाला.

तिने सांगितलं की काळी पिन बाहेरच्या जाळीला आणि लाल पिन मधल्या तारेला लागली पाहिजे. तो म्हणाला की लावलीय. तिने विचारलं की मीटरची खुंटी डीसीवर आहे का. तो म्हणाला की त्याने तीस वर्षं एसटीच्या वायरिंगमध्ये हात काळे केलेत.

"मग किती येतात?"

"शून्य."

तीन वेळा त्याने शून्य सांगितलं आणि तिन्ही वेळा तिने विश्वास ठेवला नाही. एसटीत बल्ब लावून वीज बघतात, मीटर कोण वापरतं, असं ती पुटपुटली. ते वर ऐकू गेलं.

दरम्यान कारभारी खाली उभा राहून छत्री कुठं वळवायची ते सांगू लागला. तो साठीचा, सडसडीत माणूस होता आणि गावातल्या सगळ्या छत्र्या आपणच बसवल्यात असं त्याचं म्हणणं होतं. छत्रीचं तोंड डोंगरात घुसतंय, ती आणखी वर उचला, असा त्याचा सल्ला. कृपाने फोनमधलं होकायंत्र लावून दिशा आग्नेय आहे याची खात्री करून घेतली होती. छत्री दिसते उभी, पण बघते आभाळात वर, डोंगराच्या कितीतरी वरून, हे तिने त्याला समजावलं. तिरपी तबकडी, परावर्तन, सगळं. कारभारीने शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल बाई," तो म्हणाला. "पन दिसत तर न्हाई ना."

एक वाजता त्याच्या घरून नाचणीच्या भाकरी आणि पिठलं आलं. पॉल छपरावरून उतरून दोन भाकरी खाऊन पुन्हा वर गेला. कृपाने अर्धी खाल्ली. जेवताना पॉल नेहमीसारखा बोलत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते रागाच्या खात्यात टाकलं.

दोन वाजता तिने बॉक्स उघडून मिटला. सव्वादोनला पॉलने वरचा जोड कापून नवा बसवला आणि तो करताना बोट कापून घेतलं. अडीचला ती स्वतः शिडी चढली. साडीचा पदर कमरेला खोचून, साठाव्या वर्षी, पहिल्यांदाच आपल्या घराच्या छपरावर. खाली कारभारीने शिडी धरली आणि वर बघायचं नाही म्हणून पाण्याकडे बघत राहिला. तिने मीटर लावला.

शून्य.

पॉलने मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. 'सांगत होतो' म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती म्हणाली की म्हणजे एक नंबरची वायर मधेच कुठेतरी तुटली आहे. मग खाली उतरून पॉलने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि भिंतीचं प्लायवूड उघडायला लागला. सनमायका लावलेल्या, महिनाभर घासूनपुसून बसवलेल्या त्या भिंतीचे स्क्रू तो एकेक करून काढत होता आणि एकदाही कुरकुरत नव्हता. कृपाला हे विचित्र वाटलं. या भिंतीला खिळा मारू दे म्हटलं तरी तो दोन दिवस रुसून बसला असता.

साडेतीन वाजले. कुठेतरी, सहाशे किलोमीटरवर, शिटी वाजली असणार. कृपा घड्याळाकडे बघत राहिली. पडद्यावर तीच अक्षरं होती.

पहिलं फळकूट निघालं. मागे काळ्या वायरींचा गुंता होता, आणि कुठेही तुटलेलं काही नव्हतं.

"आता दुसरं काढतो," पॉल म्हणाला.

"थांबा," ती म्हणाली.

ती जमिनीवर बसली. विद्यार्थी चुकीचं उत्तर आणत तेव्हा ती त्यांना एकच प्रश्न विचारायची: काय तपासायचं राहिलं? बॉक्स तपासला. छत्री तपासली. वायर तपासली. सकाळपासून न तपासलेली एकच गोष्ट होती, आणि ती न तपासण्याचं कारण इतकंच, की ती तिच्या स्वतःच्या अक्षरात होती.

तिने बॉक्स बंद केला आणि चारही वायरी मोकळ्या केल्या. पॉलला वर जायला सांगितलं. छत्रीची वायर सोड, एक सेफ्टी पिन घे, मधली तार आणि बाहेरची जाळी त्या पिनेने एकमेकांना टेकवून धर, आणि मी सांगेपर्यंत हलू नको. तिने त्याला अरे-तुरे केलं हे दोघांनाही जाणवलं नाही. मग तिने मीटर शिट्टीच्या खुणेवर लावला, जोड सलग असला की वाजतो तिथे, आणि पिना एक नंबरच्या टोकाला टेकवल्या. शांत. दोन, शांत. तीन, शांत. चार.

मीटर वाजायला लागला.

कृपाने चार नंबरचं टोक डोळ्यांजवळ आणलं. लेबल तिचंच. आकडा तिचाच. पण कागद पापडासारखा वाळलेला, आणि कडेला पांढरट, चकचकीत काहीतरी. तिने नखाने खरवडलं. फेव्हिकॉल. आयुष्यात तिने लेबलाला फेव्हिकॉल लावला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "खाली या."

पॉल खाली आला, पण दारातच थांबला. तो तिला कृपा म्हणायचा. काही चुकलं असेल तरच, तिच्या विद्यार्थ्यांसारखा, बाई.

"बाई," तो म्हणाला, "चर्चचे पाळकसायेब गाडीला आशीर्वाद द्यायला येनार हुते ना, त्याच्या आदल्या दिवशी मी गाडी धुतली."

गाडी धुतली म्हणजे एसटीची धुतात तशी धुतली होती. डेपोत बस बाहेरून धुऊन झाली की पाइप आत घालतात आणि मागच्या सीटपासून पायरीपर्यंत पाणी मारत येतात. तीस वर्षांची सवय. कपाटाचं दार उघडं होतं. पायरीवरून खाली आलेल्या पाण्यात निळ्या किनारीची चार लेबलं तरंगत आली. शाई पक्की होती, ती पुसली नाही. डिंक मात्र पाण्यातच सुटतो. पॉलने लेबलं उन्हात वाळवली आणि आठवेल तशी परत चिकटवली.

"आठवेल तशी," कृपा म्हणाली.

"तुमी मनला असता, लेबल न्हाई तर समदं उपसून काढा. पुन्यांदा सगळं प्लायवूड." तो उघड्या भिंतीकडे बघत होता. "ते आजच काढलं म्हना."

दिवसभर ती बॉक्समधून अठरा व्होल्ट बाहेर दाराशेजारच्या रिकाम्या भोकात पाठवत होती. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. आणि तीनदा खरं सांगणाऱ्या माणसाला ती मीटर कसा धरायचा ते शिकवत होती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. चार वाजून चार मिनिटं झाली होती.

"वर जाऊन वायर बसवा," ती म्हणाली. "आणि छत्री सकाळी होती तिथे आणा. सकाळी मी तुम्हाला सळईवर पेन्सिलची खूण करायला लावली होती."

तिने टीव्हीची वायर होती तिथे परत लावली, चार नंबरची बॉक्सला लावली आणि बॉक्स चालू केला. पडदा काळा झाला. मग हिरवा. मग त्यातून एक मैदान आलं, चौकोन चौकोन तुटत, आणि जुळलं.

शेवटची पाळी चालू होती. महाराष्ट्राच्या मुली पाठलाग करत होत्या, बरोबरीला दोन गुण हवे होते आणि जिंकायला तीन. पॉल शिडीवरून तसाच धावत आला. कारभारी दारात उभा राहिला आणि चप्पल काढून आत आला. नॅन्सीला कृपाने पाठमोरी असतानाच ओळखलं. उजव्या गुडघ्याला पट्टी, केस करकचून बांधलेले. खो मिळाला की ती बसल्या जागेवरून अशी सुटायची की आधी बसली होती हे खरं वाटू नये. कृपाला वाटलं होतं त्यापेक्षा ती फार वेगवान होती आणि फार एकटी. एक गडी बाद झाला. मग खुंटाजवळ आणखी एक. बरोबरी झाली, आणि सेकंद उरले. नॅन्सीने सूर मारला. हात पळणारीच्या टाचेपासून चार बोटं अलीकडे पडला.

सामना बरोबरीत संपला, पुढच्या जादा डावात महाराष्ट्र एका गुणाने हरला. त्या डावात नॅन्सी बाहेर बसलेली होती. गुडघ्यावर बर्फ होता.

सहाच्या आधी ती दोघं टेकडी चढली. फोन तिसऱ्या प्रयत्नात लागला.

"पाहिलंस?" नॅन्सीने विचारलं. उत्तर माहीत असल्यासारखं.

"शेवटची पाळी पाहिली आणि जादा डाव. त्याआधीचं नाही," कृपा म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "शेवटचा सूर तू डाव्या पायावरून मारलास. उजव्यावरून मारला असतास तर पोचली असतीस. पण उजव्यावर तुला भार देता येत नव्हता. खुंटाला वळतानाही तू तो वाचवत होतीस."

कृपाने रेंज गेली का ते बघितलं.

"हे कोचलासुद्धा कळलं नाही," नॅन्सी म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "आणि आधीचं का नाही पाहिलं?"

"वायरी उलटसुलट लागल्या होत्या."

"कोणी लावल्या?"

पॉल दगडावर बसून कापलेल्या बोटाची पट्टी सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"दोघांनी मिळून," कृपा म्हणाली. "थांब, पप्पांना देते. त्यांना सगळं सांगायला लाव. पाण्याच्या पाइपापासून."