चौथा बोळा

मी गुलाब, रोहण्याचा मिस्त्री. तोंडानं फटकळ, गावात कोणालेही इचारा. इंजिनाचं कोणी मले शिकवाले आलं का माह्या डोक्यात तिडीकच जाते. त्या तिडिकीनंच सारा घात केला.

चौऱ्याहत्तर साल होतं, कापूस वेचणीचे दिवस. महादेवराव पाटलाची जीप माह्याकडं आली. लिलावात घेतलेली जुनी मिलिटरी गाडी. चढावर दम सोडे अन् मागून काळा धूर. महादेवरावाची सून अन्नपूर्णा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिले आर्वीच्या दवाखान्यात न्यायचं त याच गाडीनं, गावात दुसरी मोटर नव्हती. महादेवराव म्हणे, "गुलाब, गाडीनं दगा नाई देला पायजे."

"बिनघोर राहा जी," मी म्हटलं.

इंजिनात हवा-पेट्रोल जाते तो नळ खोलला. आत काजळी, डांबरावानी घट्ट. ते खरवडताना खपली सिलिंडरात पडू नये म्हणून सिलिंडराकडं जाणाऱ्या चारही तोंडांत बोळे कोंबा लागते. शहरातले मिस्त्री फडकं कोंबतात. आमच्या इकडं फडकं शोधाले कोण जाते बाप्पा? ओसरीत कापसाचा ढीग पडलेला. घेतला मूठभर, सरकी काढली, घासलेटात बुडवला, कोंबला. दोन घंट्यांत तो कापूस काजळीसारखाच काळा होते, कोणतं काय ओळखू येत नाई. दुपारपर्यंत खरवडलं, बोळे काढले, नळ बसवला, नट आवळले. बोळे मोजले नाई. मी कधीच मोजत नव्हतो.

जीप चालवाले तानबा, महादेवरावाकडचा जुना ड्रायव्हर. गाडीत बसाच्या आधी स्टेअरिंगच्या पाया पडणारा माणूस, मी त्याची लय थट्टा करत होतो. त्यानं एक फेरी मारली अन् म्हणे, "गुलाब, गाडी लंगडून राह्यली रे. तीनच सिलिंडरावर चालते वाटते."

"अबे, तू स्टेअरिंग धर, इंजिन मी पाहतो!" मी खेकसलो. "आत्ताच साफ झाली, दोन दिवसांत लायनीवर येते."

"बरं बाप्पा. मिस्त्री तू," म्हणत तो गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाले कळा सुटल्या. नाल्याच्या चढावर जीप बंद पडली. तानबानं घाबरून चोक ओढला, सेल्फ मारला, मारतच राह्यला; बॅटरी बसली. मंग कोणाच्या तरी शेतातून बंडी आणली. बैलांनी आर्वी गाठेपर्यंत दुपार झाली. अन्नपूर्णा वाचली, पोरगा गेला. डॉक्टरीण म्हणे, तासभर आधी आणलं असतं त दोघंही हाती लागले असते.

जीप ओढत माह्या दारात आणली. मी एकटाच होतो. नळ खोलला, अन् तिसऱ्या तोंडात तो दिसला. करपलेला, काळा, आत चिपकून बसलेला बोळा. मी तो ओढून काढला. तेवढ्यात महादेवराव दारात उभा. मी बोळा मुठीत दाबला.

"काय झालतं?" त्यानं इचारलं.

"चोक," मी म्हटलं. "तानबानं चोक ओढला, पेट्रोल चढलं."

चोक त त्यानं ओढलाच होता. पण गाडी त्याच्या आधीच मेलती, हे मले त्या घडीले माहीत होतं.

तानबाले काढलं. आर्वीच्या एका जिनिंगवाल्यानं ट्रकवर बोलावलं, तो गेला नाई. "माह्या हातानं लेकरू गेलं," म्हणे. बकऱ्या राखाले लागला. अन् रिकामा असला का माह्याच दुकानात येऊन बसे. तो आला का मी गाडीच्या बोनेटात डोकं घालत होतो. उद्या सांगतो, उद्या सांगतो करत दहा वर्षं गेली. साऱ्या गावावर ओरडणारा मी, पण इथं पुरा भेकड निंगालो.

यंदा संक्रांतीच्या आधी अशीच एक जुनी गाडी साफ करून राह्यलो होतो. बोळे काढताना मोठ्यानं मोजले. एक, दोन, तीन, चार. तानबा बिडी ओढत बसला होता.

"गुलाब, पहिले तू मोजत नव्हता."

"आता मोजतो."

"कवापासून?"

"तुले काय करा लागते बे?"

त्यानं बिडी विझवली. "त्या खेपी किती निंगाले होते?"

तिडीक आलीच नाई. मलेच नवल वाटलं.

"तीन," मी म्हटलं. "चौथा मंग निंगाला."

मारावं तानबानं मले, असं लय वाटलं. त्यानं फक्त काठी उचलली. "दहा वर्षं झाली, पाटलाच्या दारावरून जात नाई मी. बकऱ्या बांधाबांधानं फिरवून नेतो."

"चाल, आत्ताच्या आत्ता महादेवरावाले सांगतो."

"महादेवराव मरून तीन वर्षं झाली, गुलाब." मले ठाऊक होतं; दहा वर्षं मनात त्यालेच सांगत होतो, तेच तोंडून निंगालं.

तो उठला, बकऱ्या हाकल्या अन् सरळ पाटलाच्या दारावरून निंगाला. अन्नपूर्णा ओसरीत कापूस निवडत बसली होती. तानबा तिच्यासमोर थांबला, टोपी काढली, काहीतरी बोलाले तोंड उघडलं. ती उठली अन् तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.

माह्या दुकानातून ते सारं दिसत होतं. एक हाक मारली असती त तिले ऐकू गेली असती. चारही बोळे हातात धरून मी तसाच उभा होतो.