पुसून काढायचं क्रीम

ऑफिसात तिला सगळे नियमबाई म्हणत. आधी ती लॅबमध्ये होती, क्रीम आणि शांपू ढवळत होती, तेव्हा तिला कुणी काहीच म्हणत नसे. मग कंपनीने नवीन सॉफ्टवेअर घेतलं. कुठल्या वस्तूत काय काय किती घातलंय ते त्यात भरायचं, की ते कायद्यात बसतं का हे सॉफ्टवेअर सांगणार. बसलं तर हिरवं, नाही बसलं तर लाल. लाल झालेला माल कारखान्यात बनवताच येणार नाही. पण कायदा काय म्हणतो हे सॉफ्टवेअरला आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ते काम हिच्या गळ्यात पडलं.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग एका प्रिझर्व्हेटिव्हचा नियम आला. त्याने बाटलीत बुरशी धरत नाही, पण काही लोकांच्या कातडीला ते सोसत नाही. कायदा अगदी सरळ होता : धुऊन टाकायच्या वस्तूंत थोडंसं चालेल, अंगावर राहणाऱ्या वस्तूंत मुळीच नाही. तिने नियम भरला, बटण दाबलं. शांपू हिरवे झाले, साबण हिरवे झाले, लोशनांत ते घातलेलंच नव्हतं, म्हणून तीही हिरवी झाली. एकच ओळ करडी राहिली. निळ्या डबीतलं, मेकअप काढायचं क्रीम. कंपनीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त खपणारं. त्याच्यापुढे ‘वापर कसा’ हा रकाना रिकामा होता. रकान्यात पर्याय दोनच : धुऊन टाकायचं, किंवा लावून ठेवायचं.

तिचं बोट माऊसवर तसंच थांबलं. हे क्रीम चेहऱ्याला चोळायचं आणि ओल्या कापसाने पुसून काढायचं. धुवायचं नाही, ठेवायचंही नाही. मग हे कशात घालायचं?

ती लॅबच्या प्रमुखाकडे गेली. साधी गोष्टही तो फळ्यावर लिहून समजावून सांगे, म्हणून त्याला प्रोफेसर म्हणत.

“धुऊन टाकायचं,” तो मान वर न करता म्हणाला. “काढून टाकतात ना? झालं तर मग.”

“पण पुसल्यावर थोडं राहतंच की अंगावर.”

“थोडं तर शांपूचंही राहतं.”

तेही खरंच होतं. ती परत निघाली, पण वाटेत लेबलं लिहिणारीचं टेबल लागलं, म्हणून तिला विचारलं.

“लावून ठेवायचं,” लेबलवाली म्हणाली. “गेल्या वर्षी सेल्सवाल्यांनी माझ्याकडून लिहूनच घेतलंय ना, ‘पुसल्यानंतरही त्वचा दिवसभर मऊ’. दिवसभर मऊ राहायची तर काहीतरी राहायला नको का?”

आता तिचं डोकं भणभणायला लागलं. दोघंही बरोबर होती. तिने कंपनीच्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“कायद्यात ‘लावल्यानंतर काढून टाकण्याच्या वस्तू’ असं म्हटलंय,” वकीलबाई म्हणाल्या.

“म्हणजे पुसून काढलं तरी चालेल?”

“तसा अर्थ लावता येईल.”

“म्हणजे चालेल?”

“तसा लावता येणार नाही, असंही कुणी म्हणू शकेल.”

“मग मी काय भरू?”

“ते तुम्हीच ठरवायचं. नियम तुम्हीच भरताय ना?”

फोन ठेवून तिने दोन्ही पर्यायांवर आळीपाळीने माऊस नेऊन बघितला. एवढ्यात खालून कारखान्यातून निरोप आला, क्रीमचा पुढचा घाणा लावायचाय, हिरवं कधी होणार? तिने ‘उद्या’ सांगितलं आणि कंप्युटर बंद केला.

घरी आली तर सासरे खुर्चीत पाय पुढे करून बसले होते. जन्मभर त्यांनी पोहायला शिकवलेलं, पाण्यात राहून राहून टाचांना भेगा पडलेल्या. त्यांच्या मांडीवर निळी डबी होती. कर्मचाऱ्यांना स्वस्तात मिळते म्हणून हीच दर महिन्याला आणायची. ती बघत राहिली. सासऱ्यांनी बोटभर क्रीम काढलं, टाचांना चोळलं, घोट्यापर्यंत नेलं आणि वरून मोजे चढवले.

“बाबा, हे पुसत नाही तुम्ही?”

“पुसायचं कशाला? चांगलं जिरू दे की.”

“अहो, ते मेकअप काढायचं क्रीम आहे.”

“मला काय ठाऊक! छान मऊ पडतात टाचा.”

तिचा नवरा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला. “मी तर सायकलचं ग्रीस काढतो त्याने. मग साबणाने धुतो. झकास निघतं.”

इथे एकाच घरात एकाच डबीची दोन उत्तरं होती आणि लेबलावरचं तिसरंच. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. सासऱ्यांच्या घोट्यांना कधीपासून खाज सुटत होती. लाल चट्टे उठले होते. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, घरच्यांनी मोज्यांवर खापर फोडलं होतं.

“बाबा, मोजे काढा बघू.”

चट्टे घोट्यापर्यंतच होते. जिथपर्यंत क्रीम, तिथपर्यंत. पण मोजेही तिथपर्यंतच होते.

“आता हे लावणं बंद करा,” ती म्हणाली.

“क्रीममुळे होतंय म्हणतेस? तूच तर आणतेस ते.”

“मला नक्की माहीत नाही, बाबा. पण बंद करा.”

“सूनबाई, तुमच्या कंपनीलाच माहीत नाही तर मला कसं कळायचं?” सासरे चिडले नव्हते. ते खरोखरच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी तिने रकान्यात ‘लावून ठेवायचं’ भरलं. क्रीम लालभडक झालं, खाली घाणा अडला, आणि प्रोफेसर तरातरा तिच्या टेबलापाशी आला.

“इतकी वर्षं चाललेलं क्रीम! असं एकाएकी काय झालं?”

तिने सासऱ्यांच्या टाचांचं सांगितलं.

“लोक टाचांना लावतील, उद्या पोळीला लावतील! त्याला आपण काय करायचं? आणि चट्टे मोज्यांचे नसतील कशावरून?”

“असतीलही,” ती म्हणाली.

कारखान्याच्या मॅनेजरने दोघांना आत बोलावलं. प्रोफेसरने फळा मागवला, दोन रकाने आखले आणि बरंच काही लिहिलं. ते सगळं पटण्यासारखं होतं. ऐकता ऐकता नियमबाईलाच वाटायला लागलं की आपलं चुकलं. शेवटी मॅनेजर तिच्याकडे वळला.

“एका वाक्यात सांगा. धुऊन टाकायचं की लावून ठेवायचं?”

“मला माहीत नाही, साहेब.”

“मग लाल का केलंत?”

“हिरवं केलं तर खाली सगळे समजतात, कुणीतरी नीट बघितलंय. आणि मला तर काहीच कळलेलं नाही.”

मॅनेजरने कपाळ चोळलं. प्रोफेसरने खडू खाली ठेवला. मग मॅनेजर त्याला म्हणाला, “दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घालून बघा. तोवर घाणा थांबू दे.”

प्रोफेसरने बघितलं, पण तोंड वाकडं करून. पहिल्या खेपेला क्रीमचं पाणी सुटलं, दुसऱ्या खेपेला वास बिघडला. महिनाभर दुकानांत डब्या नव्हत्या आणि सेल्सवाले तिच्याशी बोलत नव्हते. शेवटी जमलं. नवीन क्रीम जरा पातळ होतं, पण होतं.

सासऱ्यांची खाज कमी झाली, मग परत आली, मग बहुतेक गेली. मधल्या काळात त्यांनी मोजेही सोडले होते आणि मलमही बदललं होतं. तिने डॉक्टरांना विचारलं, नक्की कशाने बरं वाटलं? डॉक्टर म्हणाले, “बरं वाटलं ना? मग झालं.” तिचं समाधान झालं नाही, पण सासरे पुन्हा तरणतलावावर जायला लागले आणि घरात तो विषय संपला.

ऑफिसात मात्र तिने सॉफ्टवेअरवाल्यांकडे तिसरा पर्याय मागितला होता : पुसून काढायचं. तो आला त्या सकाळी ती खूश होती. उघडून बघते तर आधीचा प्रत्येक नियम आता करडा झाला होता. धुऊन टाकायच्या वस्तूला किती ते ठाऊक होतं, लावून ठेवायच्या वस्तूला किती तेही ठाऊक होतं. पुसून काढायच्या वस्तूला किती, हे प्रत्येक नियम आता नव्याने विचारत होता.

तिने कपाळाला हात लावला. समोरून प्रोफेसर चहाचा कप घेऊन चालला होता. तो थांबला, पडद्यावर वाकला.

“हे सगळं?”

“सगळं.”

त्याने शेजारची खुर्ची ओढली, कप बाजूला ठेवला आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“दाखव पहिला,” तो म्हणाला. “यात मात्र मलाही नक्की सांगता यायचं नाही.”