डबा बोलेना

रविवारी सकाळी अनुजाने डब्याचं स्विच चालू केलं आणि ती दात घासायला गेली. परत आली तरी डबा गप्पच. एरवी चालू झाला की तो "नमस्कार, अप्पा" म्हणायचा. आज आतला लाल दिवा तेवढा लागला होता. शेजारचा हिरवा दिवा जरा फडफडला आणि विझला. तिने स्विच बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

हा डबा म्हणजे तिच्या वडिलांचं बोलणं होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर जयवंत परबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, मान हलवून हो-नाही सांगता यायचं, पण तोंडातून "बा, बा" याच्यापलीकडे काही निघत नसे. जन्मभर बँकेत शिपाई असलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी लालबाग-परळच्या कबड्डी सामन्यांत माईकवर बसायचा. मैदानाला पाठ करून बसलेल्यांनाही सामना दिसावा असं बोलायचा. त्या तोंडातलं "बा, बा" अनुजाला ऐकवत नसे.

तिच्या ऑफिसात कॉम्प्युटर विभागात अनिश नावाचा मित्र होता. त्याने पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर आणून दिला. नुसती हिरवी पाटी, तिला ना स्क्रीन ना कीबोर्ड. ती प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून वर मोठाली रंगीत बटणं लावली. नखाएवढ्या मेमरी कार्डात सगळा प्रोग्रॅम, आणि अनुजाच्या आवाजात एकेका बटणाचं एकेक वाक्य. मला पाणी हवंय. चहा द्या. संडासला जायचंय. दुखतंय. टीव्ही लावा. अप्पांनी डाव्या हाताने पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा घोडपदेवच्या त्या खोलीत शेजारचे चारजण जमले होते, आणि अनुजाने सगळ्यांना पेढा दिला होता.

तिने अनिशला फोन लावला. तो कुणाच्यातरी लग्नाला निघाला होता, मागे बँडचा आवाज येत होता. स्विच बंद करताना थेट बंद करता का, असं त्याने विचारलं. हो, दुसरं कसं करणार, असं ती म्हणाली. मग कार्डच गेलं असणार, ते काढून लॅपटॉपला लाव, आणि लॅपटॉप फॉरमॅट करू का असं विचारेल, त्याला आधी नाही म्हण, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

लॅपटॉपने विचारलंच. तिने नाही म्हटलं. कार्डात नाव नसलेल्या दोनचार फायली दिसत होत्या, रेकॉर्डिंग कुठेच नाही. अनिशने मेसेजवर एका सॉफ्टवेअरची लिंक पाठवली. ते उतरवायला मोबाईलचं नेट लावलं, तर ते अर्ध्यावर तुटलं. पुन्हा लावलं. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करून ती परत आली तर लॅपटॉप झोपलेला, आणि डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाची तिची सगळी रेकॉर्डिंग त्या कार्डातून बाहेर निघाली आणि तिला वाटलं, संपलं, आता कार्ड पुसायचं आणि नवं भरायचं.

तिने कार्ड फॉरमॅट केलं. झालं, असं लॅपटॉप म्हणाला. कार्ड काढून परत घातलं, तर जुन्या फायली जशाच्या तशा. तिने एकेक फाईल निवडून उडवली. काढून घातलं, पुन्हा सगळ्या हजर. कार्डाच्या प्लॅस्टिकच्या खोळीला बाजूला छोटी कडी असते, ती खाली सरकली की कार्डावर काही लिहिता येत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं. कडी वरच होती. तरी तिने ती खाली-वर केली, फुंकर मारली, ओढणीने कार्ड पुसलं. लॅपटॉप दरवेळी झालं म्हणायचा आणि दरवेळी काहीच झालेलं नसायचं. नकार दिला असता तरी एक वेळ चाललं असतं. हे हो म्हणून न करणं तिच्या डोक्यात जायला लागलं.

"बा," अप्पा म्हणाले. "बा, बा."

तिने पाणी नेलं. त्यांनी मान हलवली. तिने लघवीचं भांडं दाखवलं. नाही. पंखा वाढवला, कमी केला, उशी सारखी केली. अप्पा डाव्या हाताने तिच्याकडे, मग लॅपटॉपकडे, मग दाराकडे दाखवत होते. तिने पुन्हा पाण्याचा पेला पुढे केला. अप्पांनी तो हाताने झटकला आणि पाणी चादरीवर सांडलं.

"मग काय हवंय ते सांगा ना!"

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने चादर बदलली. ती बदलताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. भात कालवून तिने त्यांना भरवला, आणि त्यांनीही तो मुकाट खाल्ला.

अनिशचा मेसेज आला होता. कार्ड जुनं झालं की असं होतं, वाचता येतं पण त्यावर नवं काही लिहिता येत नाही. नवीन घे. शेजारच्या रखमाकाकींना अप्पांजवळ बसवून ती काळाचौकीवरून चालत लालबागला गेली. रविवारची दुपार, अर्धी दुकानं बंद. मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईलच्या कव्हरांचं एक दुकान उघडं होतं. कार्ड ओरिजिनल आहे का, असं तिने दोनदा विचारलं. दुकानदार फोनवरून मान वर न करता हो म्हणाला.

घरी येऊन तिने त्यावर अनिशने पाठवलेला प्रोग्रॅम लिहायला लावला. पट्टी हळूहळू भरत गेली, पूर्ण झाली, मग लॅपटॉपने लिहिलेलं तपासायला घेतलं आणि सांगितलं की जुळत नाही. दुसऱ्यांदा जुळत नाही. ती तेच कार्ड तसंच डब्यात घालून बघायला गेली. लाल दिवा. हिरवा फडफडलासुद्धा नाही. आता तिला डब्यातल्या हिरव्या पाटीचा, त्या बोर्डचाच संशय यायला लागला. तिने चार्जर बदलला, वायर बदलली, बोर्ड टीव्हीला जोडून बघितला. टीव्हीवर काळा पडदा, आणि त्यात आपलंच विस्कटलेलं डोकं.

ती पुन्हा लालबागला गेली. दुकानदार म्हणाला, आमच्याकडून माल चालू जातो, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल. तिने त्याच्याच काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि त्याला ती पट्टी भरताना बघायला लावली. गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी त्याने खालच्या खणातून दुसऱ्या पाकिटातलं कार्ड काढून तिच्यापुढे टाकलं. आधी हेच का दिलं नाही, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. तिने तिथेच, उभ्या उभ्या, नव्या कार्डावर सगळं लिहून घेतलं. या वेळी जुळलं.

घरी येऊन तिने डबा लावला. हिरवा दिवा लुकलुकत राहिला. "नमस्कार, अप्पा," डबा तिच्या आवाजात म्हणाला. रखमाकाकींनी हात जोडले आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

अनुजाने एक बटण दाबून दाखवलं. मला पाणी हवंय. दुसरं दाबलं. टीव्ही लावा. मग तिने डबा अप्पांच्या डाव्या हाताशी सरकवला आणि वाट बघितली. अप्पा डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पंजा उभा करून डबा पलंगाच्या कडेपर्यंत ढकलला. तिने परत जवळ आणला. त्यांनी परत ढकलला आणि या वेळी मानही हलवली. नाही.

"चालू झालाय, अप्पा. बघा ना."

नाही.

तिला रडू आलं नाही, राग आला. सकाळपासून चहा सोडून पोटात काही नव्हतं, पायांचे तुकडे पडले होते. ती गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. खाली चौकात पोरं टेनिसच्या बॉलने खेळत होती.

तिथेच तिला गुणाजी भेटले. गुणाजी गावडे अप्पांचे मैदानावरचे जोडीदार, सामन्यांचे पंच. रोज संध्याकाळी ते येऊन बसत. काय झाला गो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने सकाळपासूनचं सगळं भडाभडा सांगितलं, कार्ड, दुकानदार, आणि शेवटी हे असं ढकलून देणं. एवढी मरमर कोणासाठी केली, असंही बोलून गेली.

गुणाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाशीक काय बोलूचा आसा, ता इचारलंस काय कधी?"

"पाणी, संडास, हे तर लागणारच ना त्यांना?"

"पाणी तो बोटान दाखवता. बोटान दाखवूक जमना नाय, ता घाल."

वर्षभरात अप्पा कुठली बटणं दाबायचे ते तिला आठवलं. ती ऑफिसातून आली की एकदा चहाचं, आणि पाहुणे आले की तिने सांगितल्यावर पाण्याचं. हाताशी तांब्या असलेला माणूस.

गुणाजी आत जाऊन पलंगावर बसले आणि एकेक शब्द सुचवायला लागले. अप्पा मान हलवून हो-नाही सांगत होते. पुष्कळ नाही झाले. मग गुणाजींनी अनुजाकडे बघत सहज म्हटलं, "रवांदे?" म्हणजे राहू दे. अप्पांनी जोरात होकार दिला, आणि डाव्या हाताने तिच्याकडे, मग लॅपटॉपकडे दाखवलं. दुपारी त्यांना एवढंच म्हणायचं होतं.

त्यानंतर काम भराभर झालं. कोण जिंकला. परत सांग. माका ठावक आसा. खोटा बोलतंस. दुखतंय आणि संडास ही दोन जुनी बटणं राहू द्यायला अप्पा कबूल झाले. आवाज कुणाचा, असं तिने विचारलं, तर त्यांनी गुणाजींकडे बोट केलं. तिला जरा लागलं. मग वाटलं, सत्तरीच्या माणसाने लेकीच्या गळ्यातून किती दिवस बोलायचं?

एक बटण उरलं. त्यासाठी अप्पांच्या मनात काहीतरी ठरलेलं होतं, पण ते काही केल्या सापडेना. माणसाचं नाव? नाही. गावाचं? नाही. देव, खेळ, शिवी, औषध, सगळं झालं. अप्पा छातीवर हात आपटत होते, गुणाजी घामाघूम झाले. शेवटी अप्पांनीच डोळे मिटून घेतले. अनुजाने ते बटण तसंच रिकामं ठेवलं आणि उद्या पुन्हा बघू म्हणाली. अप्पांनी डोळे उघडले नाहीत.

गुणाजींनी फोनसमोर तोंड नेऊन एकेक वाक्य म्हटलं, पंचाच्या खणखणीत आवाजात. एका फाईलचं नाव चुकल्यामुळे "परत सांग" वाजेना, त्यात आणखी थोडा वेळ गेला. सगळं लागल्यावर तिने कार्डाची अख्खी नक्कल लॅपटॉपवर उतरवून ठेवली आणि मग ताट वाढून घेतलं. भात गार होता.

गुणाजी सकाळच्या सामन्याचं सांगत होते. शेवटच्या चढाईत पोरगा रेषेला शिवला होता, निर्णय बरोबर होता, प्रेक्षक उगाच बोंबलले, वगैरे. अप्पांनी बोट फिरवून बटण शोधलं.

"खोटा बोलतंस," डबा गुणाजींच्या आवाजात म्हणाला.

गुणाजी थांबले. आपण तिथे हजर होतो, असं त्यांनी ठासून सांगितलं.

"माका ठावक आसा," डबा म्हणाला. आणि लगेच, "खोटा बोलतंस."

गुणाजी चिडून पुन्हा पहिल्या चढाईपासून सांगायला लागले. अनुजा भिंतीला टेकून जेवत राहिली.