खरी गिटार

“काकू, तोंड भिंतीकडे करा. आणि चोरून पाहू नका. खरी कोणती ते नुसतं ऐकून सांगा,” दिव्या म्हणाली.

मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. दिव्या म्हणजे हार्मोनियमवाल्या वामनरावांची मुलगी, लहानपणी आमच्या ह्यांच्याकडेच गिटार शिकलेली. आता बंगलोरला नोकरी करते. सुट्टीत आमच्या मूल गावी येताना तिने स्वतःची अस्सल अमेरिकन गिटार आणली होती, तिच्या लहानूकाकांनी, म्हणजे ह्यांनी, एकदा वाजवून पाहावी म्हणून.

आमचे हे दिवसा राइस मिलच्या मोटारी दुरुस्त करतात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत इकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतात. ह्यांची गिटार त्याच अमेरिकन गिटारची स्वस्तातली नक्कल. तीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राने ह्यांना बोलावलं होतं. हे गेले नाहीत. “तिथी मोठमोठे वाजवणारे. ही डुप्लिकेट घेऊन कोणतं तोंड दाखवू?” म्हणाले. गिटारवरच्या कंपनीच्या नावावर मोटारीची काळी टेप चिकटवली, ती आजतागायत आहे. तेव्हापासून सूर हुकला, नाटक पडलं, बोटं दुखली, काहीही झालं तरी एकच वाक्य: “खरी असती तं दाखवलं असतं.” भाजी खारट झाली तरी हेच म्हणाल, असं मी चिडवायची.

पाठीमागे ह्यांनी पहिली गिटार वाजवली. छान वाजली. मग तोच तुकडा दुसरीवर, आणि माझ्या अंगावर काटा आला. लग्नाआधी मंडईच्या जत्रेतल्या नाटकात ह्यांना पहिल्यांदा ऐकलं होतं, तेव्हा आला होता तसाच.

“दुसरी खरी,” मी म्हणाले. “मले का समजत नाई का? पहिलीत तो दम नाई.”

वळून पाहिलं, तर ह्यांच्या मांडीवर काळ्या टेपवाली आमचीच गिटार.

दिव्या हसत सुटली. “पाह्यलं काका? सारं तुमच्या हातात आहे. गिटारचं काई नाई.”

पोरीने मनापासून कौतुक केलं होतं. हेही हसले. मग “तं मंग मी नागपूरले काऊन नाई गेलो?” असं म्हणाले, पण इतक्या हळू की दिव्याला ऐकू गेलं नाही.

ती गेल्यावर मला माझाच राग आला. कशाला एवढी हुशारी करायची? पहिली खरी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्या वाक्याला मी तीस वर्षं हसत आले, त्याच्याच आधारावर हा माणूस उभा होता, आणि ते मीच काढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सावली गावाजवळच्या एका खेड्यात प्रयोग होता. हे सकाळी परतले. मी पाणी दिलं.

“कसं झालं?”

“एका गाण्यात सूर हुकला.”

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ह्या वेळी चिडवायचं नाही, असंही ठरवलं होतं.

“माह्यंच बोट चुकलं,” हे म्हणाले, आणि गिटार खुंटीला न टांगता धानाच्या पोत्यांमागे उभी करून आंघोळीला गेले.