वहिनीची ओळ

नणंद-भावजयीचं एवढं पटतं यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीत त्यांना बहिणीच करून टाकलं. जोडीचं नाव ‘सख्ख्या’. नणंद वरच्या सुरात, वहिनी खालच्या. वहिनीचा आवाज वेगळा असा ऐकू येत नसे. पण काढला तर गाणं पोरकं होईल, असा तिचा समज होता आणि तो तिने सासरी-माहेरी व्यवस्थित पसरवला होता.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी तिचा घसा बसला. संगीतकार म्हणाला, “तालमीतला तुमचा आवाज आहे माझ्याकडे, तोच वापरतो. तुम्ही आराम करा.” गाणं निघालं आणि उचललं गेलं. दातांचा डॉक्टरसुद्धा दाढ उपटताना गुणगुणायचा. नवऱ्याने ऑफिसात बायको आणि बहीण, दोघींचं श्रेय एकट्याने घेतलं.

मोठ्या कार्यक्रमाची तालीम कंपनीच्या तळघरात होती. वहिनी गायली, तसा संगीतकाराने हात वर केला.

“ताई, चुकतंय. रेकॉर्डमध्ये शेवट असा नाहीये.”

“मी माझीच ओळ गातेय.”

“मग तुमच्यासारखीच गा ना!”

वादक फिदीफिदी हसले. त्याने हेडफोन दिले आणि फक्त खालचा सूर लावला. शेवटचा शब्द सुटता सुटता किंचित वर गेला. ही खोड नणंदेची. ती मोडायला वहिनीने जोडी जमण्याआधी घरी तीन वर्षं घसाफोड केली होती. संगीतकाराने ‘तालमीतल्या आवाजा’ची थाप इतक्या जणांना मारली होती, की आता त्याला स्वतःलाच ती खरी वाटत होती.

नणंद पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. ते कधीच लागलं होतं.

“छोटे, हे कोण गातंय गं?” वहिनीने तिला विचारलं.

तिने ‘मी’ म्हटलं असतं, तर वहिनीने बाकी सगळं गिळलं असतं.

“वहिनी, एकदा नीट ऐक ना. जमेल तुला.”

वहिनीने चारदा ऐकलं. मग गायली, शेपटासकट.

“आता कशी आलात लायनीवर!” संगीतकार खूश झाला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने कंपनीत राजीनामा नेऊन दिला. अकरा महिने, दोन गाणी. कंपनीने प्रकृतीचं कारण छापलं आणि दौऱ्यावर नणंद एकटी गेली. खालचा सूर मशीनवर. प्रेक्षकांना काही कमी वाटलं नाही.

तिसऱ्या कार्यक्रमानंतर नणंदेचा फोन आला.

“वहिनी, ये ना गं. मला खालून कोणी धरतच नाही.”

“मशीन आहे की.”

“अगं, पण ती मीच आहे ना!”



“माहीत आहे,” वहिनी म्हणाली. “तेव्हाच बोलायचं होतंस.” आणि तिने फोन ठेवला.