लाजाळू डबा

आज दुपारी मी जे केलं त्यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही, असं मी भाचीला आधीच बजावलं. ती नुकतीच कामावरून आली होती आणि दारात बूट काढत होती.

"मग सांगूच नकोस ना, मामा."

म्हणून मी सांगायला बसलो. शेजारी ताई परकराला टीप घालत होती.

खिडकीखालच्या टेबलावर दाजींचा जुना कॉम्प्युटर होता. त्यात त्यांनी स्वतः रचलेला बुद्धिबळाचा खेळ. दाजी होते तोवर ताई त्या डब्याकडून रोज हरली. दाजी गेले, पाठोपाठ डब्यानेही मान टाकली. उद्या भंगारवाला यायचा होता आणि ताईचं एकच म्हणणं होतं, "आधी त्याला एकदा हरवीन. मग न्या खुशाल."

"चालू केला तर पडद्यावर नुसती किडामुंगी," मी म्हणालो. "झाकण काढलं. आत चिपा, गोमा झोपल्यासारख्या ओळीने. आजारी चिप कशी ओळखायची? बोट ठेवून. बिघडलेली चिप तापते. चौथीवर बोट ठेवलं आणि चर्र झालं! ठसाच पुसला गेला. आता मी बँक फोडली तरी पोलिसांना सापडायचो नाही."

"बघू बोट."

"त्यावर नवी कातडी आली."

"दुपारपासून?"

"मेमरीची चिप होती ती," मी म्हणालो. "एकेका पायाचं कथील वितळवून तिला सोडवली, जागी दुसरी बसवली. काढलेली इतकी तापली होती की तिच्यावर चहा उकळला."

"चहा मी केला," ताई मान वर न करता म्हणाली. "गॅसवर."

"पडदा लख्ख झाला. राहिली दाजींची चिप, खेळ भरलेली. तिच्या पाठीवर इवलीशी काच असते, वर कागद चिकटवलेला. तो कागद गळून पडला होता. झाकणाच्या फटींतून वर्षानुवर्षं ऊन लागलं की अशी चिप सगळं विसरते."

"अरे देवा. मग?"

"ही नाही विसरली. दाजी कधी काही विसरले होते का?"

"माझा वाढदिवस," ताई म्हणाली.

"पण जुनं मशीन लाजाळू असतं. दुरुस्त करणारा समोर उभा राहिला की अडतं. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. डब्याची एक वायर आत घेतली होती, तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून. आणि काय सांगू! दाजीच समोर बसल्यासारखा डाव रंगला. ताईने आधी वजीर टिपला, मग राजाला कोपऱ्यात कोंडलं. डब्याला धूळ चारली!"

भाचीने आईकडे पाहिलं. ताईने सुई कापडात खोचली.

"ह्यांनी जन्मात कधी दुसऱ्या चालीला वजीर बाहेर काढला नाही."

"डबा म्हातारा झालाय, ताई."

"वजीर उगाच बाहेर काढायचा आणि मग त्याला वाचवत पटभर पळायचं, ही खोड लहानपणापासून एकाच माणसाची. मी डब्याला नाही, त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलेल्या तुला हरवलं. तुला तर शेजारचं मांजरही हरवेल."

मी चहाचा घोट घेतला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

"ह्यांची चिप कोरी झालीये ना?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

"जवळजवळ म्हणजे?"

"पूर्ण."

ताई उठली. "भंगारवाल्याला फोन कर, उद्या येऊ नको म्हणावं. ह्यांना सगळं दोन-दोन करून ठेवायची सवय. शिवणाच्या डब्यात तसलाच पायापायांचा एक किडा आहे, पाठीवर कागद चिकटवलेला. कोटाचं बटण समजून ठेवलाय मी. आधी विचारलं असतंस तर! काढ तो, बसव. आणि या वेळी स्वयंपाकघरात नाही, इथे माझ्यासमोर बसायचं, हात टेबलावर ठेवून."