राजलक्ष्मीच्या पोटातला डबा

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास निरवांगीतल्या म्हस्कू महाराजांच्या शेडपुढं दोनशेवर माणसं उभी होती. शेड पूर्वी कोंबड्यांची होती. कोंबड्या गेल्या, भक्त आले. पत्रा आणि वास तेवढा जुनाच राहिला.

या भागात लहान मुलाला धाप लागली, पोट वरखाली उडू लागलं, की म्हातारी माणसं म्हणतात, "पोराला डबा झालाय." डबा म्हणजे न्यूमोनिया. हे नाव कुणी पाडलं, कुणाला ठाऊक नाही. म्हस्कूनं मात्र त्याचा शब्दशः अर्थ घेतला. डबा झालाय ना? मग तो काढूनच दाखवतो! पाच वर्षांपूर्वी डाळजला हायवेच्या कडेला त्याची पानटपरी होती. आता कपाळभर भस्म होतं आणि समोर परात होती. परातीत ओल्या फडक्याखाली कणकेचे गोळे.

"सात पिढ्यांमागची करनी हाय ही!" म्हस्कू गरजला. "भाऊबंदानं डबा पुरला, त्यो पोराच्या पोटात उगवला! डाक्टरला दिसायचा न्हाय, मशीनला दिसायचा न्हाय. दिसतो फकस्त ह्या डोळ्याला!"

बोलताना त्यानं दोन्ही डोळे घट्ट मिटले होते. ही विसंगती कुणाच्या लक्षात आली नाही.

समोर छबूबाईच्या मांडीवर तिची दोन वर्षांची नात राजलक्ष्मी धापत होती. आदल्याच दिवशी बारामतीच्या डॉ. उत्कर्षा यांनी एक्स-रे काढून सांगितलं होतं, "जंतूंचा न्यूमोनिया आहे. आत्ताच दाखल करा." मुलीचा बाप ट्रक घेऊन परराज्यात गेलेला. आई सुप्रिया तयार होती. पण सासूपुढं तिचं काही चाललं नाही. "डबा हाय त्यो. सलाईन लावून डबा निघतो व्हय?" असं म्हणत छबूबाईनं नातीला उचललं होतं.

म्हस्कूनं फडक्याखालचा एक गोळा घेतला, मुलीच्या पोटावरून सात वेळा फिरवला आणि मोडला. आत हळदकुंकवानं माखलेली पत्र्याची छोटी डबी!

बायकांनी हात जोडले. कुणी रडू लागलं. छबूबाईनं डबी पदरात बांधून घेतली आणि सोबत मिळालेली पुडीही.

"दिसातनं चारदा चाटवा. पोट साफ हुईल, त्यो डब्याचा मळ समजा. मग पोर शांत हुईल. पोट उडायचं थांबलं की समजा, डबा मुळासकट गेला."

म्हस्कूचं भाकीत अक्षर न अक्षर खरं ठरलं. शुक्रवारी राजलक्ष्मीला तेरा जुलाब झाले. शनिवारी सकाळी ती शांत झाली. पोट उडायचं थांबलं. तिनं दूध मागितलं नाही, रडली नाही. छबूबाई देवापुढं साखर ठेवायला गेली. सुप्रियानं मुलीचा हात उचलून सोडला, तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

तिनं सासूला विचारलं नाही. शेजाऱ्याची जीप बोलावली आणि पुडी कमरेला खोचून थेट बारामती गाठली. मागोमाग सासू-सासरेही आले.

"शांत झालीय न्हवं ती?" छबूबाई दवाखान्यातही म्हणत होती. "पोट उडायचं थांबलंय."

"आजी, उडवायला अंगात ताकदच उरलेली नाही," डॉ. उत्कर्षा मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवत म्हणाल्या. "छाती तशीच भरलेली आहे. ती थकलीय. या पुडीत जुलाबाचं औषध आहे. तेरा जुलाबांतून अंगातलं पोटॅशियम वाहून गेलं. रक्तात ते साडेतीनच्या वर लागतं, हिचं दोन पॉइंट एक आहे. हातपाय ढिले पडलेत, आतडी थांबलीत, पोट फुगलंय. श्वासाचे स्नायूही ढिले पडायला लागलेत."

आजोबा तात्याबा पुढं सरकले. त्यांनी तीस वर्षं ऊस काढला होता.

"पोट्याश म्हंजी? आमी उसाला टाकतो त्योच?"

"मूळ पदार्थ तोच, तात्या."

"पोट्याश कमी पडलं की ऊस लोळतो."

"नातही लोळलीय."

"मग टाका की भराभर!"

"भराभर टाकलं तर हृदय बंद पडेल. शेतातलं पोतं नव्हे हे. थेंब थेंब सोडायचं, हृदयाचा आलेख बघत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत. सोबत जंतूंवरची इंजेक्शनं. आजचा आणि उद्याचा दिवस अवघड आहे."

दोन दिवस सुप्रिया खाटेजवळून हलली नाही. नर्सनं तिला आणि छबूबाईला घड्याळ लावून श्वास मोजायला शिकवलं. सोमवारी दुपारी राजलक्ष्मीनं सलाईनच्या पट्टीला लाथ मारली आणि सुप्रियाला रडू फुटलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी बुधवारचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "आजी, हा खाली पोटावर पांढरा ठिपका कसला?"

"तिच्या करगोट्याचं घुंगरू हाय ते."

"मसुरीएवढं घुंगरू दिसतंय. मग पत्र्याची डबी का दिसत नाही? हा फोटो डबी काढायच्या आदल्या दिवसाचा आहे."

छबूबाई हटली नाही. "करनीची वस्तू हाय. पोटात असती तवा माया, भायेर आली की पत्रा."

तात्याबांनी डबी मागून घेतली आणि नखानं हळद खरवडली. झाकणावर बारीक अक्षरं उमटली.

"माया न्हाय, चुना हाय ह्यो. माझ्या खिशात अशीच डबी असती. सात पिढ्यांमागच्या भाऊबंदानं पुरली म्हणं, आन् उत्पादन गेल्या ऑगस्टचं!"

"तुमाला लई कळतंय," छबूबाई फणकारली. "पोर वाचली ती म्हाराजामुळं. डाक्टरीण निमित्त."

म्हणून पुढच्या गुरुवारी ती नारळ घेऊन निरवांगीला निघाली. तात्याबा सोबत गेले, फक्त मजा बघायला.

शेडमध्ये तशीच गर्दी होती. बानूबाई नावाची म्हातारी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन पुढं बसली होती. म्हस्कू मागच्या बाजूला भस्म फासत होता. परातीवरचं फडकं वाऱ्यानं सरकलं होतं आणि गोळे सुकू लागले होते. सुकती कणीक बघून छबूबाईला राहवलं नाही. तिनं पाण्याचा हात लावायला एक गोळा उचलला.

तिचा हात तिथंच थांबला.

तिनं दुसरा उचलला, मग तिसरा. पन्नास वर्षं कणीक मळलेला हात होता. एक्स-रेला जे जमलं नव्हतं, ते गोळ्याच्या वजनानं केलं. तिनं गोळा मोडला. आत डबी. दुसरा मोडला, डबी. पाचही मोडले, पाच डब्या.

"आगं बाई!" छबूबाईचा आवाज शेडभर घुमला. "हितं अजून पोराचं नाव इचारलं न्हाय, आन् डबा आधीच तयार?"

म्हस्कू धावत आला. "आई, हात लावू नगा! ते बीज हाय! डब्याला वढायला डबाच लागतो!"

"मग तुझ्या पोटावरनं फिरवू का? बघू किती निघत्यात!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि दोनशे माणसांची भक्ती त्या हसण्यातून गळून गेली.

"जलमभर मी तंबाखूला चुना लावला," तात्याबा म्हणाले, "ह्यानं गावाला लावला!"

छबूबाई हसली नाही. तिनं बानूबाईच्या नातवाचं झबलं वर केलं आणि तात्याबांना घड्याळ धरायला लावलं. मिनिटाला बासष्ट श्वास. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती.

"बानूबाई, ऊठ. माझ्या नातीला मीच मरायला घातलं हुतं. तू नगं घालू."

जीप पाऊण तासात बारामतीत पोचली. मूल वाचलं. म्हस्कूवर जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा दाखल झाला. पकडायला पोलीस आले तेव्हा तो कुठंतरी बाहेरगावी अनुष्ठानाला बसल्याचं कळलं. मिटल्या डोळ्यांना पोलीस मात्र वेळेत दिसले असावेत.

न्यूमोनिया ओळखायला महाराज लागत नाही, घड्याळ लागतं. मूल शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर डॉक्टर गाठा. कातडी आत ओढली जात असेल, मूल प्यायचं थांबलं असेल, तर क्षणही दवडू नका. कुणाचीही पुडी चाटवू नका. आणि आजारी मूल एकाएकी गप्प झालं, तर साखर वाटण्याआधी त्याचा हात उचलून बघा.

आता छबूबाईच्या आळीत कुणाचं पोर धापू लागलं की तिलाच बोलावणं येतं. ती घड्याळ घेऊन जाते, मोजते आणि जीप बोलवायला सांगते. एखादी म्हातारी हळूच विचारतेच, "छबू, डबा तर नसंल?"

"जेवनाच्या डब्यातलं अन्न जातं पोटात," छबूबाई म्हणते, "डबा न्हाय जात. चल, बस जीपमदी."